हॉल्टवरची गाडी कुणाच्या भरवशावर सुटते?

मूर्तिजापूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. मास्तर नाही, सिग्नल नाही, मग हॉल्टवरून, म्हणजे अशा छोट्या थांब्यावरून, गाडी सुटते कुणाच्या भरवशावर, असं तू विचारलंस. गार्डच्या. २०२२ पासून त्याचं नाव ट्रेन मॅनेजर झालं, पण लोकांच्या तोंडी अजून गार्डच आहे.

सिग्नल तिथे लागतच नाही. मास्तर असलेली दोन स्टेशनं धर; त्यांच्यामधला टप्पा म्हणजे ब्लॉक सेक्शन आणि हॉल्ट त्याच्या पोटात. गाडी तिथे दहा मिनिटं रखडली तरी सेक्शन तिनेच अडवलेला असतो, मागून दुसरी सोडता येत नाही. मागून गाडी येऊन धडकेल ही भीती म्हणूनच फुकाची.

कुठे थांबायचं हे चालकाला वेळापत्रकातून ठाऊक असतं आणि आधी काळ्या-पिवळ्या तिरप्या पट्ट्यांचा फलक दिसतो. गाडी थांबली की गार्ड चढ-उतार बघतो आणि मग हिरवा झेंडा, रात्री हिरवा दिवा दाखवतो. अडचण येते ती वळणावरच्या हॉल्टवर. तिथे इंजिनातून झेंडा दिसत नाही, चालकाच्या सहाय्यकाला दुसऱ्या बाजूने डोकं काढून बघावं लागतं. आणि गाडी फलाटाच्या पुढे निघून गेली, तर 'थोडी मागे घ्या हो' म्हणून भागत नाही. गाडी मागे घेणं नियमात अवघड, त्यापेक्षा लोक खडीवरून चालत जातात.

आपली शकुंतला, मूर्तिजापूरची ती छोट्या रुळांची गाडी, तर याचा कळस होती. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातला कापूस न्यायला टाकलेली लाइन, दोन रुळांत जेमतेम ७६२ मिलिमीटर अंतर. १९९४ च्या एप्रिलपर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. गाडीवरची माणसंच तिकीट फाडायची, इंजिन सोडवायची. अशा कमी वर्दळीच्या लाइनींवर फाटकवालाही गाडीतूनच फिरतो. गाडी फाटकाअलीकडे थांबते, तो उतरून दोन्ही बाजू बंद करतो, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबते, तो फाटक उघडतो आणि धावत येऊन चढतो. एका फाटकाला दोन थांबे! गाडी रखडते म्हणून इंजिनाला दोष देणाऱ्यांनी आधी फाटकं मोजावीत. बैलगाडी मध्येच अडली तर मिनिटं आणखी वाढणार.

तिकिटाचं म्हणशील तर बऱ्याच हॉल्टवर कमिशनवरचा एजंट असतो. तो जवळच्या मोठ्या स्टेशनातून तिकिटं आणतो आणि गाडीच्या वेळेपुरती खिडकी उघडतो. साठा संपला किंवा तो लग्नाला गेला की खिडकी बंद. म्हणून मोबाइलवरचं तिकीट घरूनच काढ. हॉल्टवर रेंजचा भरवसा नाही. तेही जमलं नाही तर चढण्याआधी गार्डला गाठून सांग. गाडीत पकडला गेल्यावर 'तिथे खिडकीच नव्हती' हे कुणी ऐकत नाही.

काकूंना आणणार असशील तर फलाट आधी विचारून घे. मोठ्या लाइनीवर (ब्रॉडगेजवर) उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो. हॉल्टवर तो बहुधा रुळाच्या पातळीलाच, आणि डब्याची जमीन जवळजवळ सव्वा मीटर वर. पायऱ्या उभ्या, गुडघ्यांची परीक्षा. शिवाय फलाट आखूड असतो, टोकाचे डबे खडीवरच राहतात. मधला डबा पकडा. आधी त्या चढू देत, पिशव्या तू मागून दे. थांबा मिनिटभराचाच, पण गार्डला तुम्ही दिसलात तर तो झेंडा दाखवायची घाई करत नाही.

कधी येताय ते कळव.

तुझा,
विलास