झोपेचं औषध एकदम का बंद करत नाहीत

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, दादाच्या पोराचा व्हेंटिलेटर निघाला तरी झोपेची औषधं अजून का चालू, त्याला त्यांची चटक लागेल का, असं तुम्ही विचारलंत. दादा-वहिनी बांबोळीच्या इस्पितळात आधीच दमलेत, त्यांना हे विचारू नका. मी सांगते.

घशातली नळी सोसावी म्हणून वेदनेसाठी फेंटानिल आणि झोपेसाठी मिडाझोलाम शिरेतून चोवीस तास चालू होतं. असं पाचेक दिवसांपेक्षा जास्त चाललं की शरीर त्यावर बेतून राहायला लागतं. मग एकदम तोडलं तर थरथर, घाम, जुलाब, उलट्या, सारख्या जांभया-शिंका सुरू होतात, नुसता हात लावला तरी पोर दचकतं. मिडाझोलाम अचानक थांबवल्यास झटकेही येऊ शकतात. हे व्यसन नव्हे. व्यसनात माणूस औषधाच्या मागे धावतो. इथे फक्त शरीराला सवय झालेली असते आणि बेताबेताने उतरवलं की ती सुटते.

उतरवायचं साधारण रोज 10 ते 20 टक्के, तेही मूळ डोसाच्या. 12 किलोच्या मुलाला तासाला 24 मायक्रोग्रॅम फेंटानिल असेल, तर 10 टक्के म्हणजे 2.4, उद्या 21.6, परवा 19.2. दर वेळी उरलेल्याचे 10 टक्के काढत बसलं तर पायऱ्या बारीक होत जातात आणि शेपूट संपतच नाही. दोन्ही औषधं एकाच दिवशी कमी करत नाहीत, कारण त्रास झाला तर कशामुळे ते कळत नाही. फार दिवस चाललं असेल तर फेंटानिलऐवजी मॉर्फीन आणि मिडाझोलामऐवजी लोराझेपाम तोंडावाटे देऊन शिरेतलं काढतात.

औषध उतरवताना होणाऱ्या या त्रासाला नर्स दर 12 तासांनी 12 पैकी गुण लावते. 3 किंवा जास्त आले की सावध व्हायचं: जादा डोस द्यायचा, त्याच पायरीवर थांबायचं किंवा एक पायरी मागे जायचं. पण ताप आणि चिडचिड जंतुसंसर्गानेही होते, दुखण्यानेही, आयसीयूतल्या भ्रमानेही. म्हणून नुसत्या आकड्यावर डोस वाढवणं मला पटत नाही, आधी पोराला तपासायला हवं. शेवटच्या डोसानंतरही 72 तास गुण लावत राहायचे.

आई, आता तुझ्यासाठी. देवगडला घरी येताना या तोंडावाटे द्यायच्या औषधाची बाटली सोबत असली, तर चमच्याने देऊ नकोस. सुईविना सिरिंज मिळेल, ती डोळ्यासमोर धरून रेघ बघ. 0.5 मिलीच्या जागी 5 भरलं तर दहापट डोस जातो आणि श्वास मंदावतो. बाटली बदलली तर एका मिलीत किती मिलिग्रॅम ते पुन्हा वाचा. उलटी झाली तर मनाने दुसरा डोस नको, डॉक्टरांना फोन. पोर बरं दिसतंय म्हणून डोस गाळायचा नाही. सर्दी-खोकल्याचं गुंगीचं सिरप अजिबात नको. हाक मारूनही उठत नसेल किंवा श्वास संथ वाटला, तर थेट इस्पितळ गाठा. बाटली कुलपात ठेवा.

दृष्ट काढायची तर काढ, पण मीठ-मोहऱ्या चुलीत टाकू नकोस. त्याला धूर सोसणार नाही. पेज, मऊभात चालेल. काही दिवस रात्री रडेल, दिवसाही चिकटून बसेल. तेव्हा पाहुणे कमी, दिवे मंद, माणसं तीच ठेवा.

डिस्चार्जच्या कागदाचा फोटो आला की डोस मिलीमध्ये मोठ्या अक्षरात लिहून पाठवते.

तुमची लेक