ग्रिस्वोल्ड इनमधून, राजापूरकरास

एसेक्स, कनेटिकट
जून महिन्याचा पहिला रविवार

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत राजापूरला तुमच्याकडे जेवताना माशाच्या ताटाशेजारचा माझा दुधाचा पेला काकूंनी न बोलता उचलून नेला होता, ते तुला आठवत असेल. परवा रात्री इथल्या ग्रिस्वोल्ड इन या मुक्कामाच्या जुन्या खाणावळीत क्लॅम चावडरची, म्हणजे शिंपल्यांच्या दाट सूपची, वाटी पुढे आली, तेव्हा मला आधी काकूच आठवल्या. तिसऱ्यांच्या जातीचे शिंपले, बटाटा, कांदा, आणि हे सारे चक्क दुधासायीत शिजवलेले! मासे आणि दूध हा विरुद्ध आहार असल्याचे आपल्याकडे चरकसंहितेपासून बजावलेले आहे, म्हणून पहिला चमचा मी भीत भीतच तोंडात घातला. शिंपल्यांचा खारटपणा सायीत मुरून मवाळ झाला होता, आणि वर चुरायला दिलेली खारी बिस्किटे भिजण्याआधी खाण्याची घाई करावी लागत होती. वाटी मी पुसून खाल्ली.

हे इन १७७६ पासून चालू आहे. गावकरी त्याला लाडाने 'द ग्रिस' म्हणतात. तिथले मद्यगृह म्हणजे मुळात अठराव्या शतकातले एक शाळाघर. ते बैल जुंपून, ओंडक्यांवरून सरकवत इथवर आणले, असे सांगतात. भिंतींवर जहाजांची चित्रे इतकी दाटीने लावली आहेत की जेवणापेक्षा मान वर करून बघण्यातच माझा वेळ गेला.

एप्रिल १८१४ मध्ये, अमेरिका-ब्रिटन युद्धात, ब्रिटिश खलाशी रात्री होड्या वल्हवत कनेटिकट नदीतून वर आले आणि त्यांनी या गावची पंचवीसहून अधिक जहाजे जाळली. त्यांच्या अधिकाऱ्यांनी या इनमध्ये भरपेट न्याहारी मागितली आणि तेव्हापासून इथे रविवारची 'हंट ब्रेकफास्ट' सुरू झाली, अशी दंतकथा आहे. पहाटे उतरून सकाळीच गाव सोडणाऱ्यांना इतकी उसंत मिळाली असेल, हे मला पटत नाही. तरीही आज मी ती न्याहारी यथेच्छ केली.

मुख्य रस्ता इनवरून थेट नदीच्या धक्क्याकडे उतरतो. कनेटिकट ही न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातली, सर्वांत लांब नदी, पण तिच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्यामुळे तिथे मोठे बंदर कधी उभे राहिले नाही. गाळाने भरलेल्या तुमच्या खाडीविषयी तू नेहमी हळहळतोस; इथे मात्र त्या वाळूमुळेच काठची पाणथळ राने आणि गावे बरीचशी जुन्या वळणाची राहिली.

याच नदीत वसंतात समुद्रातून शॅड मासा अंडी घालायला चढतो. तो बंगाल्यांच्या हिलशाचा नातलग, आणि काट्यांच्या बाबतीतही त्याच घराण्याला शोभणारा. काल गावात ओकच्या फळ्यांवर शॅड खिळ्यांनी ठोकून, वर खारवलेल्या डुकराच्या चरबीच्या पट्ट्या लावून, त्या फळ्या विस्तवाभोवती उभ्या केल्या होत्या. चरबी वितळून माशावरून ओघळत होती आणि धुराचा वास शर्टाला अजूनही आहे. ओकच्या जागी आंब्याची फळी चालेल का, याचा विचार तू करून ठेव. डिसेंबरात येईन तेव्हा तुमच्या मागीलदारी पाहू.

काकूंना साष्टांग नमस्कार सांग. चावडरचे मात्र बोलू नकोस.

तुझा,
विनायक