कार्यालय हलते, सर्व्हरचा पत्ता मागेच राहतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर या भागांत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची कामे जोरात आहेत आणि त्यामुळे अनेक लहान संस्थांना, ग्रंथालयांना, पतसंस्थांना काही वर्षांसाठी भाड्याच्या जागेत जावे लागत आहे. कपाटे, दप्तर, टेबलखुर्च्या यांच्या याद्या होतात. सर्व्हर, म्हणजे सर्वांची माहिती सांभाळणारा सामाईक संगणक, मात्र इथला प्लग काढून तिथे लावला की झाले, असे गृहीत धरले जाते. नव्या जागेत तो सुरू होतो, पण काम काही होत नाही, आणि मग ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असा सल्ला मिळतो. अशा संस्थांच्या संगणकांची देखभाल हाच माझा व्यवसाय असल्याने, हा सल्ला मानण्यापूर्वी काय तपासावे हे आपल्या वाचकांसमोर मांडावेसे वाटते.

अलीकडेच एका ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव वहीवर करावी लागली. तिथे कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्तस्रोत प्रणाली वापरतात. जुन्या जागेतला राउटर, म्हणजे संगणकांना एकमेकांशी आणि इंटरनेटशी जोडणारी पेटी, त्यांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे अंकी पत्ते देत असे. नव्या जागेत इंटरनेट कंपनीने बसवलेला राउटर १९२.१६८.० ने सुरू होणारे देऊ लागला. टेबलावरच्या संगणकांनी नवे पत्ते आपोआप घेतले, पण सर्व्हरला १९२.१६८.१.१० हा पत्ता हाताने कायमचा दिलेला असल्याने तो जुन्याच अंकांवर राहिला. सुरुवातीचे अंक वेगळे म्हणजे जाळे वेगळे, त्यामुळे यंत्र धडधाकट असूनही शेजारच्या टेबलावरून दिसेना. विक्रेत्याच्या माणसाने सर्व्हरचा पत्ता बदलला, तर पुढची अडचण उभी राहिली. पुस्तकांचा डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर होता, आणि तो चालवणाऱ्या मायएसक्यूएल या सॉफ्टवेअरमध्ये वापरकर्त्याची ओळख नाव आणि पासवर्ड एवढ्यावर ठरत नाही, तो कोणत्या यंत्रावरून येतो हाही त्या ओळखीचाच भाग असतो. परवानगी जुन्या पत्त्याला होती. नव्या पत्त्यावरून आलेल्याला डेटाबेसने दारातूनच परत पाठवले. शिवाय कोहाच्या सेटिंगमध्ये वाचकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पानांचे पत्ते वेगवेगळे लिहिलेले असतात, ते राहिले होते. हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र जुन्याच अंकांकडे नोंदी पाठवू पाहत होते. आणि स्कॅनरच्या फोल्डरचा मार्गही तसाच होता.

यातले बहुतेक काम टाळता आले असते. इमारतीच्या आतले हे पत्ते खासगी असतात आणि ते कोणते असावेत याच्याशी इंटरनेट कंपनीचा संबंध नसतो. बहुतेक राउटरमध्ये आतल्या जाळ्याचे अंक बदलता येतात. नव्या राउटरला जुन्या जाळ्याचेच अंक दिले असते, तर सर्व्हरला हातही लावावा लागला नसता. पण ‘राउटर कंपनीचा, त्याला हात लावायचा नाही’ अशी एक धास्ती आपल्याकडे आहे, ती का आहे हे मला कधीच उमगलेले नाही.

बाहेरच्या, म्हणजे सार्वजनिक पत्त्याची गोष्ट वेगळी. तो कंपनीच्या मालकीचा असतो, आणि कंपनी बदलली की तो जातोच. ज्यांचे संकेतस्थळ किंवा ई-मेल स्वतःच्या सर्व्हरवर चालते, त्यांनी स्थलांतराच्या किमान एक दिवस आधी डीएनएसमधील, म्हणजे नावावरून अंकी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेतील, आपली नोंद इतरांनी किती वेळ साठवायची ती मुदत, म्हणजे टीटीएल, कमी करून घ्यावी. ती पुष्कळदा ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असते. ती ३०० वर आणली, तर पत्ता बदलल्यावर बहुतेकांना पाच-दहा मिनिटांत नवे ठिकाण सापडते. ऐन हलवाहलवीच्या दिवशी ती कमी करून उपयोग नाही, कारण जुनी मुदत तोवर इतरांच्या यंत्रांत साठलेली असते. ई-मेलसाठी एसपीएफ नोंदीतला, म्हणजे आपल्या नावाने पत्रे कोणता सर्व्हर पाठवू शकतो हे सांगणाऱ्या नोंदीतला, अंकी पत्ता बदलावा लागतो, आणि अंकावरून नाव सांगणारी रिव्हर्स डीएनएसची नोंद नव्या कंपनीकडून करून घ्यावी लागते. ती साधारणपणे आपल्या हातात नसते. हे राहिले, तर पत्रे स्पॅममध्ये पडतात किंवा परत येतात.

सर्व्हरचे नावच बदलायचे असेल, तर काळजी आणखी वाढते. लिनक्सवर एका आज्ञेने नाव बदलते, पण नावे आणि पत्ते लिहिलेल्या होस्ट्स फाइलमध्ये जुने नाव राहिले की यंत्राला स्वतःचेच नाव ओळखता येत नाही. संकेतस्थळ खरे असल्याची खात्री देणारे एसएसएल प्रमाणपत्र नावावर दिलेले असते. त्यामुळे फक्त अंकी पत्ता बदलल्यास ते चालते, नाव बदलल्यास नवे घ्यावे लागते. वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवणारे सॉफ्टवेअर तर आपला पत्ता डेटाबेसमध्ये दोन ठिकाणी नोंदवते आणि चित्रांच्या दुव्यांतून लेखालेखांत पेरून ठेवते. तिथे जुने नाव शोधून सरसकट नवे घालणे धोक्याचे, कारण काही नोंदींत मजकुरासोबत त्याची लांबीही साठवलेली असते. नाव लांबले किंवा आखूडले की ती जुळत नाही आणि सेटिंग गायब होते. या कामासाठी वर्डप्रेसचे आज्ञा टाइप करून चालवायचे खास साधन (डब्ल्यूपी-सीएलआय) आहे, तेच वापरावे.

नावावरून अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ पासून आहे. असे असताना विक्रेते आजही सॉफ्टवेअरमध्ये ठिकठिकाणी अंकच कोरून ठेवतात आणि स्थलांतराच्या वेळी ‘शिफ्टिंग चार्जेस’ लावतात, हे मला पटत नाही. सॉफ्टवेअर बसवतानाच, कोणत्या फाइलीत आणि कोणत्या पडद्यावर सर्व्हरचा पत्ता लिहिला आहे याची लेखी नोंद संस्थांनी मागून घ्यावी आणि ती मिळाल्याशिवाय शेवटचे बिल चुकते करू नये.

जुन्या डोमेनबद्दलही, म्हणजे संकेतस्थळाच्या जुन्या नावाबद्दलही, सांगितले पाहिजे. नवे नाव घेतल्यावर अनेक संस्था जुन्याचे नूतनीकरण सोडून देतात. पण पावत्यांवरचे क्यूआर कोड आणि सभासदांच्या फोनमधले दुवे त्याच नावाचे असतात, आणि मुदत संपलेले नाव कोणीही विकत घेऊन त्यावर हवे ते पान लावू शकतो, त्या नावाने येणारी ई-मेलही स्वतःकडे घेऊ शकतो. म्हणून निदान दोन-तीन वर्षे जुने डोमेन स्वतःकडे ठेवावे आणि तिथून नव्या पत्त्यावर कायमस्वरूपी वळण, म्हणजे ३०१ रिडायरेक्ट, लावून द्यावे.

आपला,
एक संगणक व्यवस्थापक,
एरंडवणे, पुणे