इस्रायलमधल्या दिमोना गावच्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे.

यहुदी धर्माचा अभ्यास करायला इस्रायलला आले, तेव्हा तुम्हा बेने इस्रायलींवर, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांवर, लिहायचं पक्कं होतं. माणसं मात्र भेटेनात. एका अभ्यासकांनी मलिद्याला, तुमच्या गोड पोह्यांच्या विधीला, 'कोकणातली लोकरीत' म्हणून बाजूला सारलं. दुसऱ्यांनी वेळ दिली आणि फोनच उचलला नाही. "हे मुळात खरे यहुदी का?" असं तर चहा पिता पिता विचारलं जायचं. १९६२ साली इस्रायलच्या रब्बीमंडळाने, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या मंडळाने, तुमच्या समाजातल्यांच्या इतर यहुद्यांशी होणाऱ्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला. त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये धरणं धरणाऱ्यांत तुमचे वडील होते. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, इस्रायलच्या संसदेने, तुम्ही सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं. तरी लोक अजून विचारतात, आणि मला संताप येतो.

तुम्ही मला शिफारसपत्र विचारलं नाही. "अलिबागकडची का? मग शब्बाथला जेवायलाच ये," एवढंच. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले, शब्बाथचा विसाव्याचा दिवस सुरू झाला, किद्दुशच्या प्रार्थनेला काळ्या मनुकांचं सरबत आलं आणि तुम्ही बोलू लागलात. नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेलं तुमच्या पूर्वजांचं गलबत, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले तुमचे लोक, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने गूळखोबरं घालून कालवलेले पोहे, आजीला पाठ असलेली मराठी कीर्तनं. शब्बाथला लिहायचं नसतं, म्हणून माझी वही पिशवीतच. यातलं निम्मं तरी निसटणार, असं सारखं वाटत होतं.

शनिवारी रात्री शब्बाथ संपवणारा हवदालाचा विधी आटोपला. तुम्ही स्वतः उठून माझी पिशवी आणलीत आणि म्हणालात, "आता लिही. पहिल्यापासून सांगते."

आणि सांगितलंत! माझं लिहून होईपर्यंत थांबत, गावांची नावं दोनदा उच्चारत. गुडघे दुखत होते, तरी मध्यरात्र उलटेपर्यंत बसलात. ग्रंथालयांत मी पुष्कळ शिकले. पण आपल्या घरचा शब्बाथ पाळताना परक्या मुलीचं काही बुडू नये, एवढी काळजी कुणी घेतं, हे मला तुमच्याकडे कळलं. मोठमोठ्या पदांवरच्यांना साधा फोन उचलणं जमलं नव्हतं.

मलिद्याचं प्रकरण लिहून झालं आहे. पोस्टाने पाठवते आहे, अक्षर मोठं ठेवलंय. जिथे चुकलं असेल तिथे बिनधास्त खुणा करा.

तुमची,
अलिबागची भाची