देवगिरीचा गड दिसतो, राजधानी दिसत नाही

प्रति,
मा. केंद्रीय संस्कृती मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

दौलताबादला येणारा पर्यटक गडाच्या आतल्या तटाच्या, म्हणजे महाकोटाच्या, दरवाजातून आत शिरतो, चाँदमिनारापुढे छायाचित्र काढतो, अंधारी या काळोख्या भुयारी वाटेतून धापा टाकत बारादरीपर्यंत चढतो आणि देवगिरी पाहिली असे समजून परततो. वास्तविक त्याने पाहिलेला असतो तो गड. भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस यादवांची राजधानी केलेली नगरी गडाच्या पायथ्याशी होती, आणि अंबरकोट या सर्वांत बाहेरच्या तटाआडच्या त्या परिसराकडे कोणी वळून पाहत नाही.

सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ रचला तो इथे. हेमाद्री पंडिताने कारभार पाहिला तो इथल्याच दरबारात. आणि शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानदेवांनी ज्या रामचंद्र राजाचा गौरवाने उल्लेख केला, त्याचे सिंहासनही इथलेच. पुढे अवघ्या सहा वर्षांनी, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजीने या नगरीवर अचानक चाल करून अपार संपत्ती लुटली. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी इकडे हलवली, ती गोष्ट आपल्याकडे केवळ लहरीपणाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. परंतु त्यानंतर पंधराएक वर्षांनी आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने या शहराची तुलना थेट दिल्लीशी केली आणि त्याच्या तीन भागांपैकी एकाचे नाव ‘कटक’ असे नोंदवले. हे कटक नेमके कुठे होते, हे सांगणारा एक साधा फलक तरी तिथे असायला नको का?

माझी पहिली विनंती अशी की, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अंबरकोटाच्या आतील जोती, विहिरी, जुने रस्ते व तटाचे ढासळलेले भाग यांची सविस्तर मोजणी करून नकाशा मराठीत प्रसिद्ध करावा. स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन संरक्षित क्षेत्राभोवतीच्या १०० मीटरांत नव्या बांधकामास बंदी आली, हे योग्यच झाले. पण जमिनीखाली काय आहे हे तिथे राहणाऱ्या ग्रामस्थाला कोणी दाखवलेच नाही, तर त्याच्या लेखी तो कायदा म्हणजे नुसती अडवणूक ठरते.

दुसरी विनंती रस्त्याची. वेरूळचा मार्ग तटाच्या दरवाजातूनच काढलेला असल्याने जुन्या दगडी कमानीखाली वाहनांची कोंडी होते. राज्य शासनाशी बोलून ही वाहतूक तटाबाहेरून वळवण्याचा निर्णय आपण घ्यावा आणि त्याची मुदतही जाहीर करावी.

आपला नम्र,
देवगिरी परिसरातील एक इतिहासप्रेमी नागरिक