रंधा शेवटी: मिस्त्रीमामांना आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीमामा,
सप्रेम नमस्कार.

दार घासायला लागलं की सगळ्यांना आधी लाकूड तासायचा रंधा आठवतो. तुम्ही मात्र रंधा पिशवीतच ठेवायला लावलात आणि मूठ धरून दाराचं पान वर उचलून बघायला शिकवलंत. पान हललं तर दोष लाकडाचा नाही, बिजागरीच्या स्क्रूचा. पानाचं वजन वरच्या बिजागरीला कायम बाहेर ओढतं. ती सैल झाली की कडीकडची बाजू झुकते, वरचा कोपरा चौकटीला आणि खालचा फरशीला घासतो. अशा दाराला रंधा मारला तर लाकूड जातं, दोष तसाच राहतो.

तुमची रीत आता गल्लीत बऱ्याच जणांना पाठ झाली आहे. पानाखाली पाचर ठोकून वजन उचलायचं, एका वेळी एकच बिजागरी सोडायची. स्क्रूचं मोठं झालेलं भोक ८ मिमीच्या ड्रिलने साफ करून त्यात सागाची गोल खुंटी फेविकॉल लावून ठोकायची आणि रात्रभर सोडायची. काडेपेटीच्या काड्या कोंबून चार दिवस भागतं, पण ते लाकूड मऊ. मग खुंटी पटाशीने सपाट करून ३ मिमीचं भोक पाडायचं आणि ८ नंबरचा स्क्रू बसवायचा. जुना २५ मिमीचा असेल तर नवा ४० चा, म्हणजे तो खुंटीपलीकडच्या पक्क्या लाकडात धरतो. स्क्रूला साबण नको, तो ओल धरतो आणि गंज आणतो. मेणबत्तीचं मेण चोळायचं.

बिजागरी घट्ट असूनही दार फक्त पावसाळ्यात अडत असेल, तर थांबायचं. तेव्हा फुगलेलं पान तासलं की एप्रिलच्या उन्हात फट पडलीच म्हणून समजा. दिवाळीनंतरही अडलं तरच खडूने खूण करून तेवढंच तासायचं. वरची कड तासताना दोन्ही टोकांकडून मध्याकडे यायचं, नाहीतर टोकाची शीर फाटते. रंगारी हमखास विसरतात त्या वरच्या आणि खालच्या कडांना प्रायमरचे दोन हात द्यायचे. ओल तिथूनच शिरते.

आणि चौकटच तिरकी असेल तर? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाची भिंत हलवते. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. फरक आला आणि कोपऱ्यातून गिलाव्याला तिरकी भेगही गेलेली दिसली, तर काम सुताराचं नाही, गवंड्याचं. स्वतःचं काम हातचं सोडून हे सांगणारे मिस्त्री थोडे असतात, मामा. त्याबद्दल मनापासून आभार.

आपले,
गल्लीतले सगळे

ता. क. न्हाणीघराच्या दाराला स्टेनलेसचेच स्क्रू, हेही सगळ्यांना सांगितलं आहे.