दुर्बीण लावलेला कोलंबस आपल्या खात्याला चालतो: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी टपालाने माझे एक पुडके परत आले. शाळांसाठी निवड व्हावी म्हणून दोन वर्षांपूर्वी आपल्या खात्याकडे पाठवलेल्या, प्रवासी-शोधकांवरच्या माझ्या सचित्र पुस्तकाच्या पाच नमुना प्रती त्यात होत्या. त्यांपैकी चार प्रती कोणी उघडल्याही नव्हत्या, कारण नव्या छपाईची पाने एकमेकांना धरून बसतात तशी ती अजून बसलेली होती. पाचवी मात्र वापरलेली निघाली. पान २२ वर तिबेटची वाट गुपचूप पावलांनी मोजायला यात्रेकरूच्या वेशात ल्हासाकडे निघालेले नैनसिंग रावत आहेत, आणि त्यांच्या डोक्याभोवती चहाच्या कपाच्या बुडाचे तपकिरी वर्तुळ बरोबर प्रभावळीसारखे उमटले आहे. आपल्या खात्याने या माणसाचा केलेला हा पहिलाच सन्मान असावा.

आपणास आठवत नसेल, म्हणून स्मरण करून देतो. आमच्या तालुक्यातील ग्रंथप्रदर्शनाच्या उद्‌घाटनाला आपण आला होता, या पुस्तकाची कच्ची प्रत आपण हातात घेऊन उंच धरली होती आणि माईकवरून म्हणाला होता, ‘‘मास्तर, हे पुस्तक प्रत्येक शाळेत गेलं पाहिजे, आणि ते मी पाठवणार.’’ दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रही आले. त्या एका वाक्यावर विसंबून मी पाचशेऐवजी दोन हजार प्रती छापल्या. अठ्ठेचाळीस पाने, चार रंग आणि आर्ट पेपर यांसाठी पतसंस्थेकडून २ लाख १० हजारांचे कर्ज काढले, ज्याचा हप्ता आजही माझ्या निवृत्तिवेतनातून दर महिन्याला वळता होतो. त्यानंतर मी आपल्याकडे सात स्मरणपत्रे पाठवली आणि एकाचीही पोच मिळाली नाही.

पुडक्यासोबतच्या पत्रात पुस्तक नाकारण्याची तीन कारणे दिली आहेत. पृष्ठसंख्येच्या मानाने किंमत जास्त आहे, हे पहिले. मजकुराच्या मानाने चित्रे अधिक आहेत, हे दुसरे. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच्या चित्रमय पुस्तकात चित्रे अधिक असणे हा दोष आहे, हे मला छत्तीस वर्षे चित्रकला शिकवूनही कळले नव्हते. तिसरे कारण असे की, पुस्तकातील नकाशांवर आंतरराष्ट्रीय सीमा दाखवलेल्या नाहीत आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे प्रमाणपत्रही जोडलेले नाही. महोदय, आजचा नकाशा छापताना सीमा अचूक हव्यात, याविषयी माझा वाद नाही. पण माझ्या पुस्तकातील नकाशे १४६९च्या आणि १८६५च्या प्रवासांचे आहेत आणि त्यांत वाटा, नद्या व मुक्काम एवढेच काढलेले आहे. शिवाय ज्या सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आपण मागता, त्याच सर्वेक्षणाच्या नोकरीत राहून नैनसिंगांनी ल्हासाची वाट मोजली होती. त्या मोजणीचा पाया घालणारे लॅम्बटन तर मोजत मोजत आपल्याच राज्यात हिंगणघाटपर्यंत आले आणि १८२३ साली तिथेच वारले. त्यांची कबर तिथे आहे. प्रमाणपत्रासाठी मी आता तिथे अर्ज करावा काय?

मला नाकारले याहीपेक्षा माझ्याऐवजी काय स्वीकारले, ते पाहून अधिक यातना झाल्या. आपल्या खात्याच्या यादीत निवडलेले शोधकांवरचे पुस्तक मी स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन वाचले. त्याच्या मुखपृष्ठावर कोलंबस जहाजाच्या नाळेवर उभा राहून दुर्बिणीतून किनारा न्याहाळतो आहे. कोलंबस १४९२ साली निघाला आणि दुर्बीण नेदरलँड्समध्ये पुढे आली १६०८ साली. आत वास्को द गामा १४९८ मध्ये थेट गोव्यात उतरतो, कारण गोव्यात वास्को नावाचे शहर आहे आणि चित्रकाराला तेवढा पुरावा पुरला असावा. तो उतरला काळिकताजवळ, आणि समुद्र ओलांडण्यासाठी त्याला आफ्रिकेतील मालिंदीहून वाटाड्या घ्यावा लागला होता, हे मात्र कुठेच नाही. त्याने भारताचा ‘शोध लावला’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. ज्या काळिकतात अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांचा राबता होता आणि चिनी दर्यावर्दी झंग ह याची जहाजे त्यापूर्वी नव्वदेक वर्षे आधीच येऊन गेली होती, ते बंदर नेमके कोणापासून हरवले होते? संपूर्ण पुस्तकात एकही स्त्री नाही. तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या, नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत नाहीत, आणि गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दिलीप दोंदेही नाहीत. सगळे शोधक गोरे आहेत, सगळे उभे आहेत आणि सगळ्यांचे एक बोट क्षितिजाकडे आहे. त्यांचे सामान कोणी उचलले, ते पान चित्रकाराने काढलेच नाही.

माझे पुस्तक त्याच न काढलेल्या पानासाठी होते. आमच्या शाळेची सहल एकदा सायकलींवरून रेवदंड्याला गेली होती. तिथे अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. हा माणूस होर्मुझहून घोडा घेऊन शेजारच्या चौल बंदरात उतरला, पुढे जुन्नरला त्याने पावसाळा काढला आणि तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, एवढे मी सांगितले. तेव्हा सहावीतील एका मुलीने विचारले, ‘‘सर, बोटीत घोडा उभा राहतो की बसतो?’’ मला उत्तर आले नाही. पुढचे चार महिने मी मचव्याच्या पोटात उभा असलेला घोडा काढत होतो: त्याच्या पोटाखालून गेलेला जाड पट्टा, खाली पसरलेला पेंढा आणि शेजारी उलटी आवरत बसलेला मोतद्दार. पुस्तकाची सुरुवात तिथून झाली, आपल्या भाषणातून नव्हे.

नैनसिंगांसाठी तर आम्ही शाळेचे मैदान मोजले. ते स्वतः शाळामास्तर होते, म्हणून त्यांना ‘पंडित’ म्हणत. जपमाळेत १०८ मणी असतात, त्यांच्या माळेत १०० होते. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळ पूर्ण झाली की दहा हजार पावले, सुमारे पाच मैल. मोजलेले आकडे कागदावर लिहून प्रार्थनाचक्राच्या पोटात लपवायचे. माझ्या पत्नीने तुळशीच्या मण्यांची शंभराची माळ ओवून दिली आणि मुले ती हातात घेऊन ओठ मिटून मैदानाला फेऱ्या घालत होती, कारण बोलले की मोजणी चुकते. एरवी वर्गात एक मिनिट गप्प न बसणारी ती मुले होती. हे सर्व पान २२ वर आहे. ज्यांनी त्यावर कप ठेवला, त्यांनी कप उचलून पाहिले असते तर दिसले असते.

पुढच्याच पानावर किंथुप आहे. सिक्कीमच्या या अक्षरशत्रू माणसाला १८८० साली एका लामासोबत तिबेटातील त्सांगपो नदीचा माग काढायला धाडले आणि लामाने त्याला वाटेत गुलाम म्हणून विकून टाकले. तिथून निसटून त्याने खुणेचे पाचशे ओंडके तयार केले आणि रोज पन्नास याप्रमाणे ते नदीत सोडले, म्हणजे खाली आसामात ते दिसले की त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा एकच हे सिद्ध होईल. आधी त्याने पत्र लिहवून धाडले होते, पण ते वेळेवर पोहोचले नाही. ओंडके वाहून गेले, पाहायला काठावर कोणी नव्हते. चार वर्षांनी परतल्यावर त्याच्या बोलण्यावर कोणी विश्वासही ठेवला नाही. हे पान रंगवताना मला त्याची कीव येत होती. आज माझी सात स्मरणपत्रे आठवतात आणि वाटते, त्याला निदान नदी तरी वाहती मिळाली होती.

आपल्याच भाषणातील साठ हजार शाळांचा आकडा धरला आणि पुस्तकाच्या किमतीने, म्हणजे १८० रुपयांनी, गुणला, तर प्रत्येक शाळेत एक प्रत देण्याचा खर्च १ कोटी ८ लाख होतो. स्वतःची छायाचित्रे छापलेल्या जाहिरातींवर आपले खाते याहून किती अधिक उधळते, हे आपण मला सांगावे, मी गुणाकार करून देतो. पण मला हेही ठाऊक आहे की पुस्तके पोहोचली तरी काय होते. ती डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीला, चढतात, हरवली तर भरपाई मास्तरांच्या पगारातून होईल या धास्तीने कपाटात जातात, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात जाते. मीही अशी किल्ली आठ वर्षे सांभाळली आहे, हे कबूल करतो. पुस्तक पानांवर मोजून घ्यायचे, न उघडता निवडायचे आणि आल्यावर कुलपात ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे. त्यात मूल कुठेच येत नाही, आणि आपण मात्र बालदिनाला वाचनसंस्कृतीवर बोलता.

माझी मागणी एवढीच आहे की, निवड समितीत पुस्तक प्रत्यक्ष वाचणारा एक तरी शिक्षक आणि एक तरी चित्रकार असावा, नाकारलेल्या पुस्तकावर त्यांचा सहीनिशी अभिप्राय असावा, फाटलेल्या व हरवलेल्या बालपुस्तकांची वसुली शिक्षकांकडून बंद व्हावी, आणि माझ्या पुस्तकाचा फेरविचार करायचा नसेल तर आपण माईकवर दिलेला शब्द माईकवरच परत घ्यावा. माझ्या घरी पलंगाखाली आणि माळ्यावर मिळून १,६४० प्रती आहेत. मृग तोंडावर आला आहे आणि कोकणात आर्ट पेपर ओल धरतो.

चहाचे वर्तुळ उमटलेली ती प्रत या पत्रासोबत आपल्या नावे नोंदणीकृत टपालाने पाठवत आहे. पान २२ आपण स्वतः उघडावे आणि निदान या वेळी पोच द्यावी.

कळावे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
अलिबाग तालुका